अंदाज पाहा, मगच पाणी सोडा



"पाऊस सांगतात, अन् इकडे ढगही फिरकत नाही," ही तक्रार बांधाबांधावर ऐकू येते. परंतु हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर. अंदाज यवतमाळ जिल्ह्याचा असतो. पुसदला पडेल अन् उमरखेड कोरडे राहील, तरी तो खोटा ठरत नाही.

मुसळधारेचा इशारा असेल तर मात्र हयगय नको. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगरला पुराने माणसे अडकली, हे विसरून चालणार नाही.

आमचे स्पष्ट मत असे की, आठवड्याचा अंदाज पाहिल्याशिवाय उसाला पाणी व युरिया देऊ नये. जोराच्या पावसात युरिया वाहून जातो, ओल्या रानात वारा सुटला की ऊस लोळतो, अन् लोळलेल्या उसाचा उतारा घटतो. नुकसान सभासदाचेही, कारखान्याचेही.

अंदाज महसूल मंडळापर्यंत यावा, ही मागणी आपण लावून धरूच. तोवर मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला प्रत्येक गट कार्यालयाच्या फळ्यावर लागलाच पाहिजे. सभासदांनीही तो वाचूनच मोटार सुरू करावी.