डाळिंबाचा खंदक

भूमध्य समुद्रातल्या बेटांवरच्या ‘गुप्त’ खाड्यांचे व्हिडिओ हल्ली आपल्याकडेही खूप पाहिले जातात. दोन्ही बाजूंना उंच कडे, मधे काचेसारखं पाणी, त्यात एकच नाव आणि खाली तळावर पडलेली तिची सावली. कुणाला ते स्वप्न वाटतं, कुणाला श्रीमंतांचे चोचले. मला मात्र दरवेळी एकच प्रश्न पडतो. समुद्राकाठी एकांत नेमका कुणाला हवा असतो, आणि कशासाठी?

माल्टाचं उदाहरण घेते, कारण तिथे दोनदा जाणं झालंय. माल्टा, गोझो आणि जेमतेम तीन चौरस किलोमीटरचं, जवळजवळ निर्मनुष्य कोमिनो, अशा मुख्य बेटांचा हा देश. सगळं मिळून 316 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्म्याहून थोडा जास्त. 870 मध्ये अरबांनी ही बेटं घेतली, 1091 मध्ये नॉर्मन आले. आज लोक बहुतांशी कॅथलिक आहेत, पण भाषा अरबीच्या पोटातून आलेली, तीच टिकली. लिहितात लॅटिन लिपीत. देवाला ‘अल्ला’ म्हणतात. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांना ‘रांदान’ म्हणतात, म्हणजे आपला रमजानच. ‘मराठी? पण तुमची भाषा उर्दू ना?’ असं विचारणारे आपल्याला आयुष्यभर भेटतात. त्यांना एकदा गोझोच्या चर्चमध्ये रविवारी नेऊन बसवावं.

तिथल्या किनाऱ्याची नावं तर आपल्याला न शिकताच कळतात. ‘वीड’ म्हणजे वादी. ‘रम्ला इल-हम्रा’ म्हणजे लाल रेती. ‘आर’ म्हणजे गार, गुहा, गारे-हिरामधला गार. कोमिनोच्या प्रसिद्ध निळ्या सरोवराचं खरं नाव ‘बेन इल-क्मिमेन’, दोन कोमिनोंच्या मधलं. बैनल-अकवामीमधला ‘बैन’ तिथे पाण्यात पाय सोडून बसलेला सापडतो. आणि माझं सगळ्यांत आवडतं नाव ‘होंदोक इर-रुमिएन’. होंदोक म्हणजे खंदक, रुमिएन म्हणजे डाळिंबं. डाळिंबाचा खंदक. गोझोच्या काला गावाखालची ही लहानशी खाडी. आपली ‘खाडी’ म्हणजे नदीचं मुख, खारफुटी, गुडघाभर चिखल. हे तसलं काही नाही. चुनखडीच्या खडकाला समुद्राने पाडलेली खाच, एवढंच.

पाणी इतकं नितळ का, याचं उत्तर थोडं निराशाजनक आहे. भूमध्य समुद्र गरीब आहे. त्याच्या पाण्यात पोषकद्रव्यं कमी, त्यामुळे सूक्ष्म वनस्पती कमी आणि म्हणून नजर खोलवर जाते. माल्टात एकही मोठी नदी नाही, गाळ येणार कुठून? भरती-ओहोटीचा फरक वीतभर. आपल्या कोकणात हाच फरक दोन-तीन मीटरचा, वर पावसाळ्यात नद्या डोंगर धुऊन आणतात. आपलं गढूळ पाणी हे समृद्ध पाणी आहे, त्यातच बांगडा आणि सुरमई पोसते. मालवण-तारकर्लीला स्नॉर्केलिंग करून ‘इथे काहीच दिसत नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

स्नॉर्केल लावून तोंड पाण्यात घातलं की पहिल्यांदा ऐकू येतो तो स्वतःचाच श्वास. मग खाली दिसते पोसिडोनिया. लोक तिला शेवाळ म्हणतात, पण ती फुलं येणारी वनस्पती आहे, मुळं-पानं असलेली, आणि फक्त भूमध्य समुद्रातच उगवते. तिच्या कुरणांवर सोनेरी पट्ट्यांचे साल्पा मासे मेंढरांसारखे कळपाने चरतात. खडकाच्या भेगांत काळे काटेरी गोळे असतात, त्यांच्यावर पाय पडला तर दिवस संपला. म्हणून रबरी बूट हवेतच. पाणी खारटही जास्त, अंग आपोआप वर उचललं जातं. नव्याने पोहणाऱ्या बाईला हा समुद्र सांभाळून घेतो. मात्र अशा खाड्यांत जीवरक्षक नसतो. वारा उत्तरेचा असेल तर दक्षिणेची खाडी गाठायची, दक्षिणेचा असेल तर उत्तरेची. मार्साश्लोक या बंदराच्या नावातच आग्नेयेच्या वाऱ्याचं नाव बसवलेलं आहे, ते उगाच नाही.

एकांताबद्दल बोलत होते. जुन्या काळी या खाड्यांतला एकांत कुणालाच नको होता. 1551 मध्ये उस्मानी आरमाराने गोझोवर धाड घातली आणि जवळपास सगळं बेट, अंदाजे पाच हजार माणसं, गुलाम करून नेली. ते आरमार मुसलमानांचं होतं. हे लिहायला मला अवघड वाटत नाही आणि कुणाला वाटू नये. म्जार इश-शीनी या अरुंद, सुंदर खाडीच्या तोंडाशी 1661 चा टेहळणीचा बुरूज उभा आहे तो याच भीतीपोटी. निर्जन किनारा म्हणजे जिथून शत्रू येतो ती जागा. तिथे उन्हात पडून राहावं ही कल्पना अगदी अलीकडची, पर्यटनाने आणलेली.

आणि तिने खाड्या दोन प्रकारांनी गिळायला सुरुवात केली. पहिला प्रकार गर्दीचा. कोमिनोच्या निळ्या सरोवरावर ऐन हंगामात दिवसाला हजारो माणसं उतरू लागली. खडक दिसेना, फक्त भाड्याच्या खुर्च्या आणि छत्र्या. 2022 च्या मे महिन्यात ‘मूव्हमेंट ग्राफिटी’ या संघटनेचे कार्यकर्ते तिथे गेले, खुर्च्या उचलून बाजूला केल्या आणि आपले टॉवेल अंथरले. 2025 पासून सरकारने एका वेळी चार हजारांची मर्यादा घातली, आधी नोंदणी करायची आणि मनगटाला पट्टी बांधायची. चार हजार हाही मला मोठाच आकडा वाटतो, पण निदान आकडा तरी आला.

दुसरा प्रकार कुंपणाचा. डाळिंबाच्या खंदकावर मोठं हॉटेल आणि खासगी नौकांचा धक्का बांधायची योजना 2002 च्या सुमारास आली. काला गावाने सार्वमत घेतलं आणि मोठ्या बहुमताने नको म्हणून सांगितलं. तरी प्रकरण चौदा वर्षं रेंगाळलं, 2016 मध्ये नियोजन प्राधिकरणाने अर्ज फेटाळला, त्यानंतर अपिलं. एका छोट्या गावाने पोहण्याच्या जागेसाठी इतकी वर्षं भांडावं याचं मला फार अप्रूप वाटतं. पाणी कुणा एकाचं नसतं, ते सामाईक असतं, ही गोष्ट आपल्या फिक्हमध्येही जुनी आहे. काला गावातल्या कॅथलिक म्हाताऱ्यांना ती कुणी शिकवायला गेलं नव्हतं.

तिसरा प्रकार आपल्या जवळचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. कॉर्सिका बेटावर सिस्को नावाचं गाव आहे. 13 ऑगस्ट 2016 ला तिथल्या एका खाडीत मोरोक्कन वंशाच्या काही कुटुंबांची आणि स्थानिकांची मारामारी झाली. बातमी जगभर गेली ती अशी की बुर्किनी घातलेल्या बायकांचे फोटो काढल्यामुळे दंगल झाली. महापौरांनी लगेच बुर्किनीवर बंदी घातली. नंतर सरकारी वकिलांनी सांगितलं की तिथे बुर्किनी नव्हतीच. त्या कुटुंबांतल्या पुरुषांनी सकाळपासून खाडी आपल्यापुरती राखायचा, इतरांना हुसकवायचा प्रयत्न केला होता, आणि मग गावकरी चालून आले. न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या माणसांना दोषी ठरवलं. बंदी मात्र बायकांच्या कपड्यावर आली! 26 ऑगस्टला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने व्हिलनव्ह-लूबे गावाची अशीच बंदी स्थगित केली, तरी सिस्कोची बंदी बास्तियाच्या न्यायालयाने सप्टेंबरमध्ये कायम ठेवली. कारण दिलं ते गावातल्या तणावाचं. म्हणजे भांडले पुरुष, तणाव केला पुरुषांनी, आणि पाण्याबाहेर राहायचं बायकांनी.

‘आमच्या बायका आहेत, तुम्ही निघा’ म्हणत सार्वजनिक किनारा अडवणारा पुरुष मला हॉटेलवाल्याच्या कुंपणाइतकाच खटकतो. परदा पाळायचा तर तो स्वतःच्या अंगावर पाळावा, दुसऱ्याच्या वाटेवर नाही. दुसरीकडे, कपडा बघून पाण्यात जायला बंदी करणाऱ्यांचा स्वातंत्र्याचा युक्तिवादही मला पटत नाही. हा कपडा कधी घरच्यांनी लादलेला असतो, हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या बाईवर घरात तो लादला आहे तिला तुम्ही किनाऱ्यावरून हाकललंत, तर ती घरीच बसणार ना? अहेदा झनेट्टी यांनी 2004 मध्ये ऑस्ट्रेलियात बुर्किनी तयार केली ती मुलींना खेळता-पोहता यावं म्हणून. तोकडा पोशाख घालून पोहणारी मुसलमान बाईही मला तितकीच मान्य आहे. दोघी पाण्यात आहेत हे महत्त्वाचं.

तर एकांत कुणाला हवा असतो? नौकेवाल्याला तो मालकीसारखा हवा असतो. माझ्या सासरच्या रत्नागिरीकडच्या बायकांना तो हवा असतो कारण त्याशिवाय पाण्यात पाय घालता येत नाही. त्यांची घरं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नवरे, मुलगे जहाजावर नाहीतर आखातात. ओहोटीला खडकांवर कालवं काढायला, तिसऱ्या गोळा करायला त्या जातात, त्यांना भरतीची वेळ घड्याळाशिवाय कळते. आणि एकीलाही पोहता येत नाही. साठीच्या एका खालाने मला विचारलं होतं, “पाण्यात डोकं घातल्यावर डोळे उघडतात का गं?” समुद्राकाठी जन्म गेलेल्या बाईचा हा प्रश्न आहे.

मौलाना लोक बयानात सांगतात, मुलांना पोहणं, तिरंदाजी, घोडेस्वारी शिकवा. हे ऐकून आपण मुलग्याला विहिरीवर पाठवतो. मुलीचं नाव निघालं की चर्चा लगेच कपड्यावर येते, मग शिकवणार कोण यावर, मग लोक काय म्हणतील यावर, आणि तिथेच संपते. खाडी ओलांडणारी होडी उलटली तर पाणी हे काहीच विचारत नाही.

कोकणात निर्जन खाचा काही कमी नाहीत, पण मला बायकांसाठी लपायच्या जागा नको आहेत. मला तलाव हवेत. शहरांत पालिकेच्या तलावांवर महिलांची बॅच असते, स्त्री प्रशिक्षक असते, पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण पायांचा नायलॉनचा पोशाख बाजारात सहज मिळतो. सुती सलवार-कमीज पाण्यात चालत नाही, तो कपडा जड होऊन खाली ओढतो. म्हणून नियम नायलॉनचा असतो, त्यात धर्माचा संबंध नाही. काही ठिकाणी तलावाचे कर्मचारी पूर्ण पोशाखाला नाही म्हणतात. तेव्हा नियम लेखी मागावा. बहुतेक वेळा लेखी काहीच नसतं. तालुक्याच्या गावी तलाव नसेल तर जमातच्या पैशातून एका प्रशिक्षिकेचं दोन महिन्यांचं मानधन सहज निघतं. कमानी आणि मिनारांच्या रंगरंगोटीला आपण याहून जास्त खर्च करतोच.

मी स्वतः चौतिसाव्या वर्षी शिकले, दुपारी बारा ते एकच्या बॅचला. पहिला आठवडा फक्त कठडा धरून पाण्यात श्वास सोडायचा. आमच्यात एक शिक्षिका होत्या, एक भाजी विकणाऱ्या मावशी होत्या, दोघी बुरख्यातून येऊन पोशाख बदलायच्या. तिसऱ्या आठवड्यात मावशींनी कठडा सोडला, आणि त्या दिवशी वेळ संपल्याची शिट्टी झाली तरी त्या बाहेर यायला तयार नव्हत्या.