जोडणी आहे, ओळख नाही

दुकानातील बिलांची छायाचित्रे नव्या फोनमधून संगणकावर उतरवायची असतात. केबल जोडताच फोन चार्ज होऊ लागतो. संगणकावर मात्र त्याचे नावही उमटत नाही. अशा वेळी फोन सदोष ठरवण्याची घाई करू नये.

प्रथम केबल तपासावी. साध्या यूएसबी केबलमध्ये दोन तारा विजेच्या व दोन माहितीच्या असतात. काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा नसतातच. दुसरी केबल आणि संगणकाचे दुसरे पोर्ट वापरून पाहावे.

त्यानंतर फोनचे लॉक उघडावे. अँड्रॉइड फोन बहुधा आरंभी केवळ चार्जिंग स्वीकारतो. यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. आयफोन ‘ट्रस्ट’ची संमती मागतो.

हा अडथळा नसून पहारा आहे. सार्वजनिक चार्जिंगच्या जागी माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या पुस्तिकेतही आहे. न दिलेले घेऊ नये, हे अचौर्य अणुव्रत सांगते. मालकाने दिल्याखेरीज काही जाऊ नये, ही फोनची तजवीज. म्हणून ही संमती केवळ स्वतःच्या संगणकास द्यावी. उतरवलेली बिले संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज फोनमधून पुसू नयेत.