पॅरिसचा शिक्का

आपल्याकडे चित्रकाराची ओळख करून देताना आधी परदेश सांगायची रीत आहे. गाव मागाहून, आणि शिक्षक तर नाहीतच! लक्ष्मण पै यांचंच बघा. ‘पॅरिसला शिकलेले, जगभर प्रदर्शनं झालेले’ एवढं म्हटलं की आपण मान डोलावतो, पुढे विचारत नाही. मला ही सवय अजिबात पटत नाही.

पै 1926 साली मडगावात जन्मले. रंगाशी पहिली गाठ पडली ती मामांच्या, म्हणजे मावजो यांच्या फोटो स्टुडिओत. तेव्हा फोटो काळे-पांढरे असत आणि त्यांवर हाताने रंग चढवत. पोरगा तिथे बसून लोकांच्या गालांना, शालू-पैठण्यांना रंग देत होता. आता सांगा, ही शाळा नव्हे तर काय? पुढे मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, 1947 मध्ये मेयो पदक, मग तिथेच शिकवणं. मधल्या काळात गोवा मुक्तीच्या लढ्यापायी पोर्तुगीज पोलिसांच्या कोठडीतही जाऊन आले. 1951 ला पॅरिसला गेला तो हा असा तयार झालेला माणूस. कोरी पाटी नव्हे!

पॅरिसने काही दिलंच नाही असं मी म्हणत नाही. एकोल दे बोझारमध्ये ते भित्तिचित्र आणि एचिंग शिकले, दहा वर्षं राहिले, युरोप-अमेरिकेत प्रदर्शनं केली. पण तिथे बसून काढलं काय? गीतगोविंद, रामायण, बुद्धचरित्र! पुढे रागांवर चित्रं केली. स्वतः सतार, बासरी वाजवायचे. हात तिथे सफाईदार झाला असेल, पण काय काढायचं हे काही सीन नदीच्या काठावर कुणी शिकवलं नाही. मग सगळं श्रेय पॅरिसला का?

आता माझं खरं दुखणं. 1977 ते 1987 अशी दहा वर्षं पै पणजीच्या गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पॅरिसला दहा वर्षं, कॉलेजात दहा वर्षं. हिशेब अगदी सारखा! पण पहिल्या दहा वर्षांवर परिच्छेद आणि दुसऱ्या दहांवर एक ओळ. ज्याची चित्रं परदेशात लागली त्याने परत येऊन हजेरीपट, परीक्षा आणि सरकारी पत्रव्यवहार अंगावर घ्यावा, याचं आपल्याला काहीच वाटू नये? जन्मभर खडू हातात धरलेला माणूस म्हणून बोलतोय, राग मानू नका.

याचा तोटा पैंना नाही. त्यांना 1985 मध्ये पद्मश्री, 2018 मध्ये पद्मभूषण मिळालं. तोटा होतो आमच्या वसई-विरारच्या पोरांचा. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला पालक हौसेने बसवतात, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. ते पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर! एक आई मला म्हणाल्या, ‘‘सर, फॉरेनला जाता येणार असेल तर चित्रकला ठीक, नाहीतर काय उपयोग?’’ चांगल्या शिकलेल्या बाई. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही, आपणच त्यांना असं ऐकवत आलोय.

अहो, जे. जे. काय सातासमुद्रापार आहे? 1857 पासून मुंबईतच उभं आहे. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकायला मिळालं तरी पोचता येतं. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांच्या घरी असं चितारणारं पोर आहे त्यांनी या मे महिन्यात गोव्याला जाताना समुद्रासोबत पणजीची आल्तिनो टेकडीही चढावी, कला महाविद्यालय तिथेच आहे. आणि पोराला सांगताना प्राचार्य पै आधी सांगावेत, पॅरिस नंतर.