सात तारीख

दरवर्षी श्रावण संपता संपता आम्ही जाहिरातींसाठी नाशिकची बाजारपेठ पालथी घालतो. साड्यांची दुकाने, सराफ, दवाखाने, क्लास, मिठाईवाले. यंदा जवळपास प्रत्येक गल्ल्यापाशी दोन वाक्ये ऐकली. पहिले, "धंद्यात दम राहिला नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही." दुसरे, चहा येईपर्यंत, त्याच तोंडून, "कामगारांना डोक्यावर बसवलंय, म्हणून तर कारखाने पळतात." पहिल्या वाक्यातले न फिरकणारे गिऱ्हाईक आणि दुसऱ्यातला डोक्यावर बसलेला कामगार हा एकच माणूस आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. हा सल मनातून गेलेला नाही.

वर्षात पुष्कळ घडले. पहिलीपासूनच्या हिंदीचे निर्णय जूनअखेर सरकारला मागे घ्यावे लागले. जुलैत शिवरायांचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. सप्टेंबरात मराठवाड्यात पिकांबरोबर मातीही वाहून गेली. या साऱ्यावर अंकात स्वतंत्र लेख आहेत. मला बोलायचे आहे ते सात तारखेबद्दल.

हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्याने मागच्या महिन्याचा पगार सात तारखेच्या आत द्यावा, मोठ्याने दहाच्या आत, असे २०२५पर्यंतचा कायदा सांगत असे. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी आणि त्यांच्या कामगारांसाठी वसलेल्या सिडकोने ही तारीख दुकानांच्या भिंतीवर टांगली. किराणावाल्याची वही सातला मिटायची. शिंपी, पुस्तकवाला, शिकवणीचे सर, सगळे सातची वाट पाहत. 'मायकोत पर्मनंट' एवढ्या दोन शब्दांवर मुलीचे लग्न ठरे, आणि त्या लग्नावर सराफ, मंडपवाला, आचारी आणि छापखाना जगे. त्या कारखान्यावरून पडलेले मायको सर्कल हे नाव आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे.

सिडकोत तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या एका दंतवैद्य मित्राने या आषाढात मला त्यांच्या दोन जुन्यानव्या वह्या दाखवल्या. जुनीत एकेका घराचे पान होते. वडिलांचे रूट कॅनाल, त्यावर टोपी, आईची कवळी, मुलाच्या दातांना तार. पैसे तीन हप्त्यांत, आणि प्रत्येक हप्त्यापुढे निळ्या शाईत '७ ता.' नव्या वहीत एका पानावर चार वेगवेगळी नावे आणि चारही नावांपुढे एकच नोंद: 'दाढ काढली.' मी विचारले, का? म्हणाले, "कंत्राटी पोरं आहेत. रूट कॅनालला तीनदा यावं लागतं. तीन खाडे, तीन दिवसांची रोजी गेली. ते म्हणतात, डॉक्टर, काढूनच टाका. यातल्या दोन दाढा वाचल्या असत्या." त्या चारातला एक अवघा चोवीस वर्षांचा होता.

कामगाराचा पगार आटला की त्यावर जगणारेही आटतात, हे पूर्वी एकदा महाराष्ट्राने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाचा इतिहास डॉ. दत्ता सामंत, मालक आणि सरकार यांच्याभोवती लिहिला जातो. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका त्यात क्वचित दिसतात. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस डबे रांधणाऱ्या या बायकांसाठीच १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. या बायकांचे भांडवल म्हणजे दुसऱ्याचा पगार. गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा चूलही थंडावली. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, पण टॉवरमधले बिऱ्हाड कोपऱ्यावरच्या वाण्याकडे महिन्याची यादी टाकत नाही.

२२ सप्टेंबरला जीएसटीचे दर उतरले. चांगले झाले. पण कर उतरल्याचा फायदा ज्याच्या खिशात खरेदीचा पैसा आहे त्यालाच. त्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. बारा तास पाळी, वर येण्याजाण्याचा वेळ. असा माणूस साडी बघायला बायकोला घेऊन केव्हा येणार? आपल्या व्यापारी मित्रांनी हा प्रश्न विचारायला हवा होता. माझ्या कानावर तरी तो आला नाही.

दोन नोकरांचा पगार छोट्या दुकानदाराला जड जातो, हे मी नाकारत नाही. आमच्या कचेरीतही महिनाअखेर ओढाताण असते. पण शेजारच्या कारखान्यातला पगार वाढला तर आपला गल्ला भरतो, आणि भरल्या गल्ल्यातूनच आपल्या माणसाचा पगार निघतो. पगार घसरला की हेच चक्र उलटे फिरते. नाशिकमध्ये ते उलटे फिरू लागले आहे.

काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा घातली. ती घरोघर पोचायला नुसती वाङ्मयाची आवड पुरली नसती, हातात बोनसही लागला. आमच्या अंकाचे दोन गठ्ठे एकेकाळी एकाच कंपनीच्या गेटवर संध्याकाळपर्यंत संपत. आज त्या गेटमधून बाहेर पडणारे बहुतेक जण ठेकेदाराचे. कायद्याने वर्षात तीस दिवस काम केलेला कामगार बोनसला पात्र ठरतो, किमान ८.३३ टक्के, म्हणजे बारातला एक भाग. ठेकेदाराकडे वीस माणसे असतील तर हा कायदा त्यालाही लागू आहे. तरी मिठाईच्या पुड्यावर बोळवण झालेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत.

यंदाच्या अंकाचा विषय 'बाजारपेठ' आहे. आमच्या वाचकांत दुकानदार आहेत, डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल आहेत. तुम्हाला हक्काने सांगतो. व्यापारी संघाच्या पुढच्या बैठकीत कंत्राटी कामगारांच्या पगाराचा आणि बोनसचा विषय तुम्ही मांडा. युनियनने मांडला तर तो त्यांचा म्हणून बाजूला पडेल. आणि तुमच्या दुकानात, दवाखान्यात उभ्या असलेल्या मुलाचे पैसे वसुबारसेच्या आत त्याच्या हातात ठेवा, म्हणजे त्यालाही बाजारात जायला चार दिवस मिळतील.

— संपादक
दिवाळी २०२५