परदेशातलं घर आणि इथलं वावर

मागच्या शनिवारी शाळेतून आले, हातपाय धुऊन चहाचं आधण ठेवलं, तोच आमच्या जाऊबाई दारात. हातात एक कागद. म्हणाल्या, "हे वाचून सांग वं बाई. यांनी यावर सही करावं का नाही? मले त इंग्रजी येत नाही, अन् हे म्हणतात पोरीनं पाठवलं म्हणजे बरोबरच असन."

त्यांची लेक, म्हणजे माझी पुतणी, चार वर्षांपासून अमेरिकेत न्यू जर्सीत नोकरी करते. आता तिथे घर घ्यायचं चाललंय. कर्ज मिळतंय, पण हातचे पैसे थोडे कमी पडतात. म्हणून भाऊजींनी पातूरजवळचं दोन एकर वावर काढायचं ठरवलं. पोरगी दोन-चार वर्षांत परत देईलच, हा हिशेब.

कागद वाचला आणि मी गॅस बंद केला. त्यात लिहिलं होतं की ही रक्कम भेट आहे, ती परत मिळण्याची आमची अपेक्षा नाही. जाऊबाईंना मराठीत सांगितलं, तर त्या बघतच राहिल्या. "मंग पैसे वापस नाही भेटणार?"

आज आपल्या तालुक्याच्या गावांतूनही लेकी-जावई, मुलं-सुना परदेशी आहेत. उद्या असा कागद तुमच्याही घरी येईल. म्हणून त्या दिवशी मी जे समजावलं, तेच इथे मांडते.

पहिली गोष्ट, तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत घर घेता येतं. कायद्याची मनाई नाही. कर्ज देणारे व्हिसाची मुदत, नोकरीचं पत्र, साधारण दोन वर्षांच्या मिळकतीचे कागद आणि आधीची उधारी वेळेवर फेडली का, हे बघतात. कमी पैसे भरून घर घेण्याची एक सोय सरकारी हमीच्या एफएचए कर्जात होती. ती तात्पुरत्या व्हिसावाल्यांसाठी २५ मे २०२५ पासून बंद झाली. साधी कर्जं मात्र मिळतात. त्यात घराच्या किमतीच्या २० टक्क्यांहून कमी पैसे भरले, तर हप्त्यासोबत विम्याचा खर्चही बहुधा पडतो. म्हणून पोरं २० टक्के जमवायला धडपडतात. चार लाख डॉलरचं घर धरलं, तरी ते ऐंशी हजार डॉलर झाले!

दुसरी गोष्ट मुदतीची. एच-वन-बी व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा, आणि एकंदर साधारण सहा वर्षांचा. ग्रीन कार्डाचं काम बरंच पुढे गेलं असेल तरच त्यापुढे वाढतो. आणि कर्ज? ते बहुतेक तीस वर्षांचं. त्यात नोकरी सुटली, तर दुसरी नोकरी शोधायला किंवा तिथे राहण्याची दुसरी सोय लावायला फार तर ६० दिवस मिळतात. हा नियम २०१७ पासून आहे. माणूस परत आला म्हणून कर्ज सुटत नाही. घर भाड्याने द्या नाही तर विका, हप्ता डॉलरमध्येच जातो.

तिसरी गोष्ट त्या कागदाची. कर्ज देणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं की हे पैसे दुसरं कर्ज तर नाही. म्हणून ते भेटपत्र मागतात. मनात उसने आणि कागदावर भेट असं चालत नाही. कर्जासाठी खोटं लिहून देणं तिथे गुन्हा आहे. म्हणजे सही करताना मनातून पैशांवर पाणी सोडायचं, नाही तर सहीच करायची नाही.

चौथी गोष्ट आपल्या बाजूची. इथून एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बँकेमार्फत पाठवता येतात, पॅन कार्ड लागतं. भेट म्हणून पाठवताना दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

आणि वावर! परदेशी राहणारी लेक इथे फ्लॅट घेऊ शकते, त्यासाठी आपल्या बँकेचं कर्जही काढू शकते. शेतजमीन मात्र तिला विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. फक्त वारशाने येते. भाऊजींनी आज दोन एकर विकलं, तर तिथे राहून ते तिला परत घेता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिच्याकडे शनिवारची रात्र होती, आम्ही पोरीला फोन लावला. मी दोनच प्रश्न विचारले. नोकरी गेली तर किती महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत? आणि बाबांनी हे पैसे कशातून उभे केले, तुला माहीत आहे का?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकू, मला वाटलं बँकेत पडलेले असतील."

तिला कुणी सांगितलंच नव्हतं! बापाला वाटलं, लेकीला नाही कसं म्हणावं. लेकीला वाटलं, बाबांकडे आहे म्हणून देतात. भाऊजी रागावले माझ्यावर, अजून नीट बोलत नाहीत. पण वावर राहिलं. मुदत ठेवीतली जी रक्कम विसरून जाता येईल, तेवढीच भेट म्हणून द्यायची ठरली. पोरगी आणखी वर्षभर भाड्याच्या घरात राहणार आहे. आधी सहा महिन्यांचे हप्ते बाजूला टाकीन, मग घर बघीन, म्हणाली.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकरांनी पाठवलेल्या कागदावर प्रेमाने सही करण्याआधी तो कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या. आणि पैसे कुठून येणार, हे लेकरांना स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही.

पुढच्या आठवड्यात उन्हाळ्याच्या वाळवणांविषयी बोलू.