सोनखताची नवी कसोटी

मैल्याच्या खताला ‘सोनखत’ हे नाव देणाऱ्या समाजाला त्याचे मोल नव्याने सांगण्याची गरज नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी याच जाणिवेला सफाईच्या कार्याची जोड दिली होती. मूत्राचे मोल तर त्याहून अधिक. शहरी सांडपाण्यात त्याचा वाटा आकारमानाने जेमतेम १ टक्का. परंतु त्या पाण्यातील सुमारे ८० टक्के नत्र व निम्मे स्फुरद त्यातूनच येते.

मात्र आज एक नवा प्रश्न उभा आहे. प्रतिजैविके, वेदनाशामके, संप्रेरके यांचा बराच अंश मूत्रावाटे बाहेर पडतो. मूत्र सहा महिने साठविल्यास रोगजंतू बव्हंशी मरतात; औषधे मात्र बरीचशी तशीच राहतात. औषधाचा अंश केवढा अनर्थ घडवू शकतो, हे गिधाडांच्या संहाराने दाखविले आहे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे ती नामशेष होऊ लागली, तेव्हा २००६ साली भारताला त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली.

म्हणून मूत्रखत त्याज्य मानावे काय? मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे स्वित्झर्लंडच्या एवाग संस्थेच्या सहभागाने झालेल्या ‘वुना’ प्रकल्पाने मार्ग दाखविला आहे. जीवाणूंकरवी निम्म्या अमोनियाचे नायट्रेट केले की मूत्र स्थिर होते व दुर्गंधी जाते. सक्रिय कोळशाच्या गाळणीत औषधांचे अंश अडकतात. ऊर्ध्वपातनात पाणी निघून जाते आणि उष्णतेने उरलेले जंतू मरतात. १,००० लिटर मूत्रापासून सुमारे १०० लिटर खत मिळते. २०१८ साली स्वित्झर्लंडने ते खाद्यपिकांसाठीही मंजूर केले.

ही प्रक्रिया खर्चिक आहे, हा आक्षेप रास्त आहे. ऊर्ध्वपातनाला वीज लागते, वापरलेल्या कोळशाचीही सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते. परंतु मूत्र गटारात सोडल्याने औषधे नाहीशी होत नाहीत. ती नदीला मिळतात आणि अफाट पाण्यातून त्यांना वेचणे अधिकच दुष्कर होते. उगमापाशीच वेगळे ठेवलेले थोडे मूत्र शुद्ध करणे त्यामानाने सुकर ठरते.

तेव्हा आरंभ वसतिगृहे, शाळा व रेल्वे स्थानके येथून व्हावा. रुग्णालयांतील मूत्र त्यातून वगळावे. प्रत्येक खताची तपासणी व्हावी आणि तिचा भार शेतकऱ्यावर न पडता नगरपालिकांनी उचलावा. कारण घाण शहराची आहे, नदी मात्र सर्वांची. खताला सोन्याचे नाव दिले, तर सोन्याप्रमाणे त्याचा कसही पाहिलाच पाहिजे.