बोर्ड उतरण्याआधी जेवायला चला

ग्रँट रोडचं बी. मेरवान बंद होणार, अशी बातमी 2014 साली आली आणि मावा केकसाठी तिथे झुंबड उडाली. 1914 पासून चाललेल्या त्या इराण्याकडे शेवटचा चहा प्यायला आलेल्यांपैकी बरेच जण एरवी तिकडे फिरकतही नसावेत. मेरवान त्या वेळी पुन्हा उघडलं, हे आपलं नशीब. खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमाला ते लाभलं नाही. तिथल्या माशांच्या जेवणाच्या आठवणी गिरगावकर आजही रंगवून सांगतात. पण आठवणींवर भात कालवता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मौतीला जमणारी ही गर्दी जरा आधी जमू द्या.

दादरच्या मामा काणेंना 1910 पासून लोक ओळखतात. बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव खायला परदेशातूनही माणसं येतात. अशांची नावं तरी सर्वांना ठाऊक आहेत. मला काळजी आहे ती आठ-दहा टेबलांच्या, बिननावाच्या जागांची: चाळीच्या तळमजल्यावरची मालवणी खाणावळ, छापखान्यामागचं उडप्याचं हॉटेल, बाजाराच्या तोंडाशी पहाटेच पेटणारी भट्टी. या जागा जाहिरात करत नाहीत. त्या पायी फिरणाऱ्यालाच सापडतात.

आणि सापडण्यातच खरी मजा आहे. फोडणीचा वास कुठून येतोय ते बघायचं. आत कोण बसलंय ते पाहायचं. हमाल, बँकेतले कारकून आणि एखादा वकील एकाच बाकावर दिसले की डोळे मिटून शिरावं. फळ्यावर खडूने लिहिलेल्या पाच पदार्थांपैकी दोन पुसलेले असले तर फारच उत्तम, म्हणजे माल आजचा आहे. अनोळखी माणसासमोर बसून जेवायचं, त्याच्या ताटात काय आहे ते चोरून बघायचं आणि तेच मागवायचं. मोबाइलवरचे तारे मोजून जेवायला जाणाऱ्याला हे सुख मिळत नाही. त्याला दुसऱ्याची आवड मिळते, तीही बहुतेक वेळा थंड झालेली.

या जागा मरतात कशा? खाणारे कमी होतात हे एक कारण, पण ते एकटं नाही. पागडीची जुनी इमारत पुनर्विकासाला जाते. कागदावर जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मिळते. पण बांधकाम चालू असेपर्यंत चूल कुठे मांडायची? आचारी गावी निघून जातो, गिऱ्हाइकांची सवय मोडते. नव्या इमारतीत धुराडं नको म्हणून वरचे रहिवासी भांडतात. दोन-तीन वर्षांनी तिथे मोबाइलचं दुकान उघडतं.

कायद्याचा आधारही तोकडाच. मुंबईत 1995 पासून वारसा जपण्याची नियमावली आहे, देशात असे नियम आधी इथेच झाले. पण ती जपते दगड, कमानी, सज्जे. आतल्या चुलीशी तिला देणंघेणं नाही. ब्वेनोस आयरेस शहराने 1998 मध्ये आपल्या जुन्या कॅफे-बारची अधिकृत यादी करायचा कायदा केला. सॅन फ्रान्सिस्कोने 2015 मध्ये जुन्या धंद्यांची नोंदवही उघडली आणि त्यांना मदत देऊ केली. हे आपल्या महापालिकेला न जमण्यासारखं काय आहे? निदान प्रत्येक वॉर्डाने आपल्या हद्दीतल्या तीस वर्षांहून जुन्या खाणावळींची यादी तरी करावी.

हे शहर एकेकाळी खाणावळींवरच जगलं, हेही विसरू नये. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या गडीमाणसांना घरच्या चुलीवर रांधून घालणाऱ्या बायका होत्या. त्या सावकाराच्या व्याजात बुडालेल्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची दारं त्यांच्यासाठी उघडली. पुढे 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, जेवणारे पांगले. पण संघटित झालेल्या बायका डबे आणि कॅटरिंग करत टिकल्या. एकेकट्या खाणावळवालीला ते जमलं नसतं.

म्हणून मागणं आहे ते विशेषतः पुनर्विकासाच्या सभांना बसणाऱ्यांकडे. तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर खाणावळ असेल, तर करारात दोन गोष्टी लिहून घ्या: बांधकामाच्या काळात जवळपास पर्यायी गाळा आणि नव्या इमारतीत धुराड्याची सोय. पार्किंगसाठी जेवढं भांडता, त्याच्या निम्मं भांडलात तरी पुरे.

बाकीच्यांनी आठवड्यातून एक दुपार काढावी. घरपोच मागवू नका, जाऊन बसा. भुयारी मेट्रोचं गिरगाव स्थानक आता सुरू झालंय. तिथून वर या, फोन खिशात घाला आणि पहिली दिसेल त्या गल्लीत वळा. जेवण बरं नसलं तर पुढच्या खेपेला शेजारची गल्ली. साडेबाराच्या सुमारास गेलेलं बरं. दीडनंतर पोचलात तर बांगडा संपलेला असेल. तेव्हा मालकाशी हुज्जत न घालता आमटी-भात खा आणि दुसऱ्या दिवशी लवकर या.